प्रशिक्षकाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का?

मुलांच्या संघाच्या प्रशिक्षकाला सामना संपल्यावर विचारावे, की चांगल्या खेळाला तुम्ही किती वेळा शाबासकी दिलीत आणि चुकलेल्याला किती वेळा नीट समजावून सांगितलेत. तो प्रामाणिकपणे उत्तर देईल, पण त्या उत्तरावर फारसे विसंबता येणार नाही. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी १९७० च्या दशकात हेच मोजून पाहिले. त्यांच्या निरीक्षकांनी मुलांच्या बेसबॉल संघांचे ५१ प्रशिक्षक २०२ सामन्यांत न्याहाळले आणि शाबासकी, चुकीनंतरचा धीर, चुकीनंतरची सूचना, शिक्षा, दुर्लक्ष अशा १२ प्रकारांत त्यांच्या ५७ हजारांहून अधिक कृतींची नोंद केली.

या नोंदी प्रशिक्षकांच्या स्वतःविषयीच्या समजुतीशी ताडून पाहिल्यावर दोहोंचा मेळ जवळजवळ बसेना. अपवाद होता तो शिक्षेचा. आपण रागावलो, एवढे मात्र त्यांना बऱ्यापैकी आठवत होते. गंमत म्हणजे, ज्या मुलांना आपण ‘अजून काही कळत नाही’ म्हणतो, त्यांनी केलेले प्रशिक्षकांचे वर्णन प्रत्यक्ष नोंदींशी अधिक जुळत होते. यात प्रशिक्षकांचा खोटेपणा नव्हता. ज्याचे सारे लक्ष चेंडूवर आणि धावफलकावर खिळलेले असते, त्याच्याकडे स्वतःच्या तोंडून काय निघते आहे हे टिपायला लक्ष उरत नाही, हे त्याचे साधे कारण असावे.

म्हणून या दोघांनी आखलेल्या प्रशिक्षणात उपदेशाबरोबर आरसाही होता. निरीक्षकांनी केलेल्या नोंदी प्रशिक्षकांना दाखवल्या जात आणि सामन्यानंतर लगेच, मैदानाची धूळ अंगावर असतानाच, त्यांनी स्वतःच्या वागण्याचा तक्ता भरायचा असे. अशा प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. पण मुलांना ते अधिक आवडले आणि स्वतःविषयी कमी विश्वास असलेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, पुढच्या हंगामात खेळ सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण असे प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांच्या गटात ५ टक्के, तर ते न घेतलेल्यांच्या गटात २६ टक्के आढळले. माझ्या मते हा आकडा कोणत्याही करंडकापेक्षा बोलका आहे.

आधीच शिखरावर पोहोचलेल्या माणसाचे काय? कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांनी १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांच्या १९७४-७५ या शेवटच्या हंगामात रोलँड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या संशोधकांनी त्यांचे सराव सुमारे ३० तास पाहिले आणि शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदवल्या. त्यांपैकी निम्म्या कृती म्हणजे काय करावे आणि कसे करावे याच्या थेट सूचना होत्या. नुसती स्तुती ७ टक्क्यांच्या आसपास होती. चूक दिसली की वुडन आधी योग्य हालचाल करून दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची आणि पुन्हा योग्य, आणि हे सारे काही सेकंदांत आटोपे. दोन तासांच्या सरावाच्या आखणीला ते सहकाऱ्यांसह जवळपास तेवढाच वेळ देत आणि मिनिटामिनिटाचा क्रम छोट्या कार्डांवर लिहून मैदानात नेत.

हंगाम संपला, की वुडन स्वतः विद्यार्थी होत. दर सुट्टीत ते एकच विषय निवडत. तो ‘फ्री थ्रो’, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी बिनअडथळ्याची फेक, असला, तर त्यावर मिळेल ते वाचत आणि ज्यांचे खेळाडू ही फेक अचूक करत अशा प्रशिक्षकांना ‘तुम्ही हे कसे शिकवता’ असे विचारत.