जुन्या पाइपाच्या पोटात नवा पाइप

गणपतीत मामाच्या घरी, गुहागरला, माणसं वीस आणि संडास एक. तिसऱ्या दिवशी पाणी उतरेना. वाडीतल्या गवंड्याने चेंबरचं झाकण काढलं, बांबूची कामटी आत सारली आणि फिरवून ओढली, तर तिच्या टोकाला हातभर लांब, भिजल्या काथ्यासारखा मुळांचा पुंजका. "माडाची मुळं. लाइन गेली, भाऊ. अंगण उकरायला लागणार." मामाने वृंदावनाकडे पाहिलं, मग नव्या पडवीच्या लादीकडे. सेप्टिक टाकीकडे (गावात तिला सर्रास 'सेफ्टी टाकी' म्हणतात) जाणारी लाइन या दोन्हींच्या खालून जाते.

ही लाइन भाजलेल्या मातीच्या झिलईदार पाइपांची, चार इंची. दर दोन-तीन फुटांवर सिमेंटने भरलेला सांधा. पाइप स्वतः शंभर वर्षं टिकेल, सांधा नाही टिकत. जमीन जराशी बसली की सिमेंटला केसाएवढी चीर पडते आणि तिथून ओल बाहेर झिरपते. मुळाचं टोक ओलीच्या दिशेने वळतं, चीर सापडली की आत शिरतं आणि आतल्या खतपाण्यावर दाढीसारखं वाढतं. माडावर मात्र पाइप फोडल्याचा आळ घेऊ नये. माड ताडाच्या कुळातला, त्याचं मूळ बोटभर झालं की आणखी जाड होतच नाही. तो आत घुसून तुंबवतो. सांधा उचकटून फोडण्याचं काम पिंपळाचं, फणसाचं. त्यांची मुळं वर्षागणिक जाड होत जातात.

तुंबण्यापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढतं, चिरांतून पाइपात शिरतं आणि टाकी भरून टाकतं. उन्हाळ्यात उलट, मैलापाणी बाहेर पडतं. आपला जांभा सच्छिद्र, त्यात जागोजागी पोकळ्या. त्यातून पाणी माती गाळेल तसं गाळलं जात नाही, सरळ वाट काढतं. मामाची विहीर लाइनपासून पंधरा पावलांवर आहे.

न खोदता हे दुरुस्त करण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींचं मर्म एकच: जुना पाइप कितीही फुटलेला असो, तो जमिनीत आधीच पाडलेलं भोक आहे.

पहिली रीत फोडण्याची. लाइनच्या दोन टोकांना दोन खड्डे घ्यायचे. जुन्या पाइपातून साखळी किंवा पोलादी दोर ओवायचा, त्याला शंकूसारखं बोथट पोलादी डोकं बांधायचं आणि पलीकडून हायड्रॉलिक यंत्राने ओढायचं. घरगुती लाइनसाठीसुद्धा ही ओढ वीस-तीस टनांची असते. डोकं पुढे सरकताना जुना पाइप फुटतो, तुकडे बाजूच्या मातीत दाबले जातात आणि मागोमाग एचडीपीईचा (एक चिवट प्लास्टिक) नवा अखंड पाइप येऊन बसतो. त्याच्या लांब्या आधीच सुमारे २२० अंश सेल्सिअसच्या तव्यावर टोकं वितळवून एकमेकींत चिकटवलेल्या असतात. सांधा असा उरतच नाही, मुळांनी शिरायचं कुठे? १९७०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये गॅसच्या बिडाच्या जुन्या नळ्या बदलण्यासाठी ही युक्ती निघाली.

दुसरी रीत अस्तराची. १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड या अभियंत्याने जुन्या गटारात ती प्रथम वापरली. नमद्यासारख्या कापडाची लांब नळी रेझिनमध्ये (आधी पातळ, मग कडक होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवायची आणि हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने पाइपात उलटवत न्यायची, पायमोजा उलटा करतो तशी. रेझिनची बाजू जुन्या पाइपाला चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा अतिनील प्रकाश दिला की रेझिनचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तासा-दोन तासांत कडक कवच तयार होतं. पाइप अरुंद होणार, ही मामाची शंका रास्त होती. चार मिलिमीटरचं अस्तर लावलं तर १०० मिलिमीटरचा व्यास ९२ वर येतो, म्हणजे आतलं क्षेत्रफळ सुमारे पंधरा टक्के घटतं. पण नवं कवच जुन्या खरखरीत पाइपापेक्षा इतकं गुळगुळीत असतं की वाहून जाणारं पाणी जवळजवळ तेवढंच राहतं.

आता कोकणातली अडचण. फोडलेले तुकडे बाजूला सरकायला माती हवी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चर थेट जांभ्यात कोरलेला असतो, आणि जांभा म्हणजे कापताना मऊ, उघड्यावर राहिला की दगड. तिथे डोकं अडकतं. किनाऱ्याच्या पुळणीत डोकं सहज सरकेल, पण पाण्याखालची वाळू खड्ड्यांत वाहत येते. म्हणून जांभ्यात मला अस्तरच बरं वाटतं. दोन्ही रीतींना न सुधारणारा एक दोष मात्र आहे: ढाळ. नवा पाइप जुन्याच वाटेने जातो. मध्येच लाइन खचून पोट पडलं असेल, तर त्या पोटात मैला साचतच राहणार.

दिवाळीनंतर मामाने कॅमेरा बोलावला. लवचीक दांडीच्या टोकाला लिंबाएवढा कॅमेरा आणि त्याच्यामागे ५१२ हर्ट्झवर सिग्नल देणारा छोटा ट्रान्समीटर. वर अंगणात एक जण पकडयंत्र घेऊन फिरतो, सूर सर्वांत मोठा झाला की कॅमेरा बरोबर त्याच्या पायाखाली. जिथे दोष दिसेल तिथे मामी करवंटी पालथी घालत गेली. तासाभरात अंगणात पाच करवंट्या झाल्या. चार ठिकाणी मुळं. ती कापून अस्तर लावता येईल. पाचवी पडवीच्या कडेला, तिथे पडद्यावर कॅमेरा बुडाला आणि तीन फुटांनी पुन्हा वर आला. पोट तिथेच होतं.

तेवढं खोदावंच लागेल, चार फुटांचा खड्डा. सगळी लाइन उघड्या मातीतून वीस फूट असती, तर मीच म्हटलं असतं की कुदळ घ्या. मुंबई-पुण्याहून यंत्र आणण्यापेक्षा ते स्वस्त. पण वर वृंदावन आणि लादी असल्यावर हिशेब बदलतो. काम मार्चात ठरलंय, कारण चिरांतून पाणी झिरपत असेल तर रेझिन धुऊन जातं, नीट कडक होत नाही. तोवर विहिरीचं पाणी उकळून प्यायचं, असं मामीने जाहीर केलंय, आणि करवंट्यांना कोणी हात लावायचा नाही.