पॅडलचा खेळ वेगळा, पॅडेल वेगळं

आमच्या ऑफिसातल्या चौघांनी पिकलबॉल खेळायचं ठरवून सकाळी साडेसहाचं कोर्ट बुक केलं. एक जण तर घरून स्वतःची बॅट घेऊन आला. जाऊन बघतात तर कोर्टाभोवती काचेच्या भिंती आणि जाळी! बुकिंग झालं होतं पॅडेलचं. असा घोळ अनेकांचा होतो. त्याचं कारण साधं आहे. पिकलबॉलच्या बॅटला म्हणतात ‘पॅडल’ आणि ‘पॅडेल’ हा खेळच निराळा.

पिकलबॉल जन्मला 1965 मध्ये, अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर. सुट्टीत घरची मंडळी कंटाळली होती, आवारात जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, पण धड साहित्य सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटा आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. म्हणून आजही कोर्टाचं माप बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाएवढंच आहे, 20 बाय 44 फूट. जाळी मात्र खाली, कडेला 36 इंच आणि मधोमध 34. सोसायटीत बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल, तर निम्मं काम झालंच म्हणा. भारतात हा खेळ रुजवण्याचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकर यांना जातं.

या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ‘किचन’. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. त्यामुळे जाळीला चिकटून नुसते स्मॅश हाणणाऱ्या दणकट गड्याचं इथे फारसं चालत नाही. पन्नाशीच्या काकू अलगद चेंडू किचनमध्ये टाकतात आणि पंचविशीचा पुतण्या पुढे झेपावतो. एकाच कोर्टावर दोन पिढ्या खरोखर चुरशीने खेळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सर्व्हिस खालून करायची. नेहमीच्या पद्धतीत गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो. डाव 11 गुणांचा, पण दोन गुणांची आघाडी हवी.

पॅडेलचं बारसं 1969 चं, मेक्सिकोतल्या अकापुल्कोचं. एन्रिके कोर्क्वेरा यांनी घरी भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधलं, आणि भिंत हा खेळाचाच भाग झाला. कोर्ट 20 बाय 10 मीटर, म्हणजे पिकलबॉलच्या जवळजवळ अडीचपट. चेंडू टेनिससारखाच, थोडा कमी दाबाचा. रॅकेटला तारा नाहीत, भोकं आहेत. गुण टेनिससारखे, 15, 30, 40. खेळायला चौघं लागतात. चेंडू आधी जमिनीवर टप्पा घेऊन मागच्या काचेवर आपटला, तर तो परत येईपर्यंत थांबून मारायचा. लहानपणी भिंतीवर चेंडू मारून एकट्याने खेळलेल्यांना हे पटकन कळतं. बाकीच्यांचे पहिले दोन-तीन दिवस काचेकडे पाठ फिरवून गोंधळण्यात जातात.

तर निवडायचं काय? वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाने पिकलबॉलपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत. पहिल्या अर्ध्या तासात रॅली जमते. रॅली जमली की हसू येतं आणि घामाकडे लक्षच जात नाही. दोघं असले तरी भागतं. पॅडेलला चौघांच्या वेळा जुळवाव्या लागतात आणि ऑफिसवाल्यांचं गाडं तिथेच अडतं. पण रॅली लांबली की पॅडेलसारखी मजा नाही, हेही खरं.

कुठलाही खेळ घ्या, धावायचे बूट घालू नका. या खेळांत आडवं पळावं लागतं, त्या बुटांत पाऊल मुरगळतं. बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे बूट घ्या. आणि डोक्यावरून चेंडू गेला तर उलट्या पावली मागे पळू नका. वळा आणि मग धावा. नाहीतर चेंडू सोडून द्या, गुण पुढच्या वेळी मिळेल.