चोळांच्या कांस्यमूर्ती कशा ओतल्या जातात?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील शिलालेखांत चोळ राजा राजराजाने दिलेल्या धातुमूर्तींची उंचीसुद्धा कोरलेली आहे, आणि ती मंदिरात ठेवलेल्या मापाने मोजल्याचेही नमूद आहे. इसवी सनाच्या ९व्या ते १३व्या शतकांतल्या चोळ साम्राज्याची ही ओतकामाची विद्या कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै गावातले स्थपती, म्हणजे परंपरागत मूर्तिकार, आजही जपतात.

मूर्ती आधी मेणात घडते. मधमाशीचे मेण, राळ आणि थोडे शेंगदाण्याचे तेल एकत्र वितळवतात. राळेने कडकपणा येतो, तेलाने मऊपणा. राळ जास्त झाली तर नाजूक बोटे तडकतात. कमी पडली तर उन्हाळ्यात आकार ढळतो. धातू आत शिरायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच कांड्या जोडतात. मग सगळ्याचे वजन करतात. कांस्य मेणाच्या साधारण नऊपट जड, त्यामुळे धातू किती लागेल ते इथेच कळते.

आता कावेरीच्या गाळाची माती. पहिला थर अगदी पातळ आणि सावलीत वाळवलेला, कारण मूर्तीची प्रत्येक रेषा तोच उचलतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लासा’त या मातीत जळके तूस, कापसाचे बारीक तुकडे आणि थोडे मीठ घालायला सांगितले आहे. कापूस साच्याच्या भाजणीत जळून जातो आणि त्याच्या जागी उरलेल्या बारीक छिद्रांतून वायू निसटतो. पुढचे थर जाड. मोठ्या साच्याला वरून लोखंडी तारा आवळतात.

साचा तापवून मेण काढून टाकतात आणि तो तापलेलाच खड्ड्यात पुरतात, तोंड वर ठेवून. खरी कसोटी इथे आहे. माती ओली राहिली तर वाफेने साचा फुटतो. मेण उरले तर धातूत छिद्रे पडतात. साचा थंड झाला तर धातू बोटांपर्यंत पोहोचण्याआधीच गोठतो. धार मध्येच तुटली तर दोन ओतींमध्ये सांधा राहतो. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. कथील आणि शिसे मिसळल्याने मिश्रण त्याहून कमी तापमानालाही वाहते राहते. या मूर्तींच्या पाच धातूंच्या मिश्रणातले, म्हणजे पंचधातूतले, सोने-चांदी नावापुरतेच असते.

साचा फोडल्यावर छिन्नी-कानशीचे काम सुरू होते. चोळ कारागीर दागिन्यांचे आणि वस्त्रांच्या चुण्यांचे बरेचसे बारकावे मेणातच पुरे करत. आज त्यातले पुष्कळ काम ओतल्यानंतर छिन्नीने होते. जुन्या मूर्तींच्या अंगाला जो वाहता मऊपणा आहे, तो आमच्या मते मुख्यतः यामुळेच.