काटा अडतो त्याची पार्श्वभूमी

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी दोन फेऱ्या मारल्या की हा संवाद हमखास कानावर पडतो. "किती उतरलं?" "पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो." "अरे वा! मग आता?" "आता दीड महिना झाला, काटा तिथंच आहे." यापुढचं बोलणं ठरलेलं असतं. भात-पोळीचा विरह, घरच्यांची कुरकुर, आणि रविवारी मिसळीबरोबर चार पाव घेतल्याची अर्धवट कबुली. कमी कर्बोदकांचा आहार, म्हणजे सगळे ज्याला 'लो-कार्ब' म्हणतात तो, नाशिकमध्ये आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. माणसं तो सुरू करतात आणि सोडतात ती बहुतेक याच दीड महिन्याच्या टप्प्यावर. वजन संथपणे उतरणं ही गोष्ट या आहाराइतकीच जुनी आहे. ते भराभर उतरलं पाहिजे ही अपेक्षा मात्र बरीच अलीकडची, आणि ती आपल्या डोक्यात कशी बसली त्याला इतिहास आहे.

सुरुवात लंडनच्या विल्यम बँटिंगपासून करावी लागते. अंत्यविधीची व्यवस्था पाहणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. राजघराण्यातल्या अंत्ययात्रासुद्धा त्यांच्याकडे असत. उंची पाच फूट पाच इंच आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येत नसे आणि जिना पाठमोरा होऊन उतरावा लागे. त्याने होडी वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. तुर्की हमामात घाम गाळूनही उपयोग झाला नाही. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वेने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार्ड या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाची यकृत आणि साखर यांवरची व्याख्यानं ऐकलेली होती. त्याने या रुग्णाचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद केला. मांस, मासे, भाज्या चालतील म्हणाला. क्लॅरेटसारखी कोरडी वाइनही चालत होती. द्राक्षांच्या या गावात त्याचा सोयीस्कर अर्थ कुणी काढू नये, एवढीच विनंती.

वर्षभरात बँटिंग १५६ पौंडांवर, म्हणजे साधारण ७१ किलोंवर आला. १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली आणि सुरुवातीला फुकट वाटली. ती इतकी गाजली की त्याचं आडनाव हेच या आहाराचं नाव झालं. वर्षात एकवीस किलो, हा आकडा सगळे सांगतात. त्या पुस्तिकेतला वजनांचा तक्ता मात्र फारसं कुणी पाहत नाही. नोंदी साधारण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने आहेत आणि एका नोंदीपासून दुसरीपर्यंत घट बहुतेक वेळा दोन ते चार पौंडांची. १८६३ च्या हिवाळ्यात तर सलग काही नोंदींमध्ये दोनच पौंड, म्हणजे तीन आठवड्यांत किलोभरही नाही. आज ट्रॅकवर एवढी घट सांगितली तर ऐकणारा सहानुभूती दाखवील. ६६ वर्षांच्या बँटिंगला ती पुस्तिका छापण्याइतकी मोठी वाटली.

पुढची साठ वर्षं हा आहार कधी फॅशनमध्ये, कधी विस्मरणात. १९२१ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या, म्हणजे फिट येणाऱ्या, रुग्णांसाठी कर्बोदकं जवळपास काढून टाकलेला, स्निग्ध पदार्थांचा आहार सुचवला. 'किटो' हे नाव तिथून आलं. वजनाशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता.

आता त्या पहिल्या पंधरा दिवसांच्या तीन किलोंकडे वळू, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतं. तो साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी-साखर एकदम कमी केली की हा साठा उपसला जातो आणि पाणीही जातं. शिवाय इन्शुलिन खाली आलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. काट्यावर दोन-तीन किलो झटक्यात गेलेले दिसतात, त्यांत चरबीचा वाटा थोडा. एखाद्या लग्नात जिलबी-मसालेभात झाला की त्यातलं बरंचसं दोन दिवसांत परत येतं, आणि 'एका जेवणाने दोन किलो वाढले' म्हणून माणूस हताश होतो. खरं म्हणजे चरबी ना त्या वेगाने गेली होती, ना त्या वेगाने आली. पण पहिल्या पंधरवड्याने वेगाचं एक माप डोक्यात बसवलेलं असतं आणि पुढचा प्रत्येक आठवडा त्या मापाने नापास होतो.

दुसरं चुकीचं माप आलं ते कागदावरच्या गणितातून. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरने हिशोब मांडला की शरीरातली एक पौंड चरबी म्हणजे ३५०० कॅलरी. त्यावरून सोपा नियम निघाला: रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला एक पौंड कमी व्हा. हा नियम जगभरच्या आहारतक्त्यांत गेला आणि आजच्या मोबाइल ॲपमध्येही डोकावतो. त्यात एक गोष्ट धरलेलीच नव्हती. शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही कमी होतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी हे धरून नवं गणित मांडलं. त्यांच्या हिशोबाने रोजचं खाणं कायमचं २४० कॅलरींनी, म्हणजे ढोबळमानाने अडीच-तीन पोळ्यांनी, कमी केलं तर शेवटी साधारण दहा किलो उतरतात. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळे व्हायला तीन वर्षं. जुन्या नियमाने हेच एका वर्षात अकरा किलो, पुढच्या वर्षी आणखी अकरा, आणि असं करत माणूस नाहीसा व्हायला हवा! पहिल्या वर्षात पाच किलो उतरलेला माणूस नव्या गणिताने वेळेवर चाललेला असतो आणि जुन्या गणिताने सपशेल हरलेला.

लो-कार्बला आधुनिक प्रसिद्धी दिली ती न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी. त्यांचं पुस्तक आलं १९७२ मध्ये आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. हे साल महाराष्ट्रात वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. तिकडे लोक पाव कसा सोडावा हे वाचत होते तेव्हा इथे बहात्तरचा दुष्काळ होता. माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार, मिळत होता, पोरांना सुकडी वाटली जात होती. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या कुठल्याही घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर त्याला मिलोच्या भाकरीची चव अजून आठवते. ज्या घरांनी ते वर्ष काढलं त्या घरांत ताटातली पोळी नाकारणं म्हणजे निव्वळ आहाराचा प्रश्न राहत नाही. पूर्वी गव्हाची पोळी आणि पांढराशुभ्र भात सणासुदीला. रोजची ती भाकरी, डोंगराकडे नागलीची, देशावर बाजरीची. पुढे पाटाचं पाणी आलं, सुधारित गहू आला, रेशन आलं, आणि पोळी-भात रोजचे झाले. म्हणून आई "अगं, एक तरी घे" म्हणते तेव्हा त्यामागे अख्ख्या पिढीचा अनुभव असतो. लो-कार्ब करणाऱ्याचा धीर काट्यापेक्षा जास्त वेळा या ताटाशी खचतो, असं माझं मत आहे. याच ठिकाणी भाकरीबद्दलचा एक गैरसमजही सांगून टाकतो. गहू, ज्वारी, नागली, बाजरी यांपैकी कशाचंही पीठ घ्या, शंभर ग्रॅममध्ये साठ ते सत्तर ग्रॅम कर्बोदकं असतात. भाकरीचे इतर गुण पुष्कळ आहेत, पण पोळीऐवजी दोन भाकरी खाऊन 'लो-कार्ब करतोय' म्हणता येत नाही. उपवासाचंही तसंच. साबुदाणा, बटाटा, भगर आणि रताळं यांवर काढलेल्या दिवसाला आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणतात ते उगाच नाही.

महाराष्ट्रात या विषयाला घरोघर पोहोचवलं ते मराठीतून बोलणाऱ्या डॉक्टरांनी. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी विनासायास वजन कमी करण्यावर व्याख्यानं दिली. २००४ मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं. ते विचार पुढे लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उचलले. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं, गोड टाळायचं. काटेकोर अर्थाने हा लो-कार्ब आहार नव्हे, पोळी-भाकरी त्यात चालते. पण इन्शुलिन कमी वेळा उसळावं ही कल्पना दोन्हींत समान आहे. त्यावर इतर आहारतज्ज्ञांनी घेतलेले आक्षेपही तितकेच जाहीर आहेत. मला त्यातला एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. सुरू करण्याआधी आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) आणि उपाशीपोटी इन्शुलिन तपासायला सांगितलं गेलं. त्यामुळे वजनाच्या काट्याव्यतिरिक्त प्रगती मोजण्याचं दुसरं साधन सामान्य माणसाच्या हाती आलं. सोबतीला व्हॉट्सॲपचे गट होतेच.

गटाची ताकद मुळात एका गृहिणीने ओळखली होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या जीन नायडेच सरकारी दवाखान्याचा आहार घेत होत्या आणि धुण्याच्या टोपलीत बिस्किटं लपवून खात होत्या. दवाखान्यात हे सांगायची सोय नव्हती. १९६१ मध्ये त्यांनी मैत्रिणींना घरी बोलावून ते सांगून टाकलं, तर प्रत्येकीकडे अशी एकेक टोपली निघाली. त्या बैठकांतून १९६३ मध्ये 'वेट वॉचर्स' ही कंपनी उभी राहिली. नाशिकमध्ये हे काम पहाटेचे ट्रॅकवरचे कट्टे, पांडवलेणी चढणारे घोळके आणि सायकलवाले करतात. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली आणि इथल्या सायकलवेडाला मोठं बळ मिळालं. गटाचा तोटा एकच, तिथे आकड्यांची तुलना होते. "माझे आठ उतरले" हे वाक्य शेजारच्याचं महिन्याभराचं समाधान घालवतं.

अशी तुलना किती फसवी असते ते मोठ्या अभ्यासांनीही दाखवलं आहे. स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांना वर्षभर दोन गटांत ठेवलं. २०१८ मध्ये निकाल आला: कमी स्निग्ध आहाराच्या गटात सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकांच्या गटात ६ किलो. फरक नगण्य. पण दोन्ही गटांत कुणाचं वजन खूप उतरलं होतं, तर कुणाचं चक्क वाढलं होतं. त्याआधी २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात लो-कार्बवाले सहा महिन्यांपर्यंत स्पष्ट पुढे होते आणि वर्षाअखेर ती आघाडी टिकली नव्हती. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचा वेग हे या आहाराचं वैशिष्ट्य खरं, पण वर्षाला पाच-सहा किलो ही सगळ्याच आहारांची सर्वसाधारण चाल आहे.

आणि वजन तरी काय सांगतं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय किरकोळ दिसूनही पोटाशी चरबी बाळगतो, हे त्या एका फोटोने सांगितलं. म्हणून आपल्याकडे कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. काटा अडलेला असताना शिंप्याच्या टेपवर कंबर बऱ्याचदा कमी झालेली असते, विशेषतः चालणं किंवा व्यायाम सोबत असेल तर. पूर्वी वजन करायचं म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या, रंगीत दिवे फिरणाऱ्या यंत्रावर. नाणं टाकलं की एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापलेलं तिकीट पडायचं. गावाला जाता-येता कधीतरी तो योग यायचा. आता काटा न्हाणीघराच्या दाराशी असतो आणि माणूस दिवसातून दोनदा त्यावर उभा राहतो. आदल्या रात्रीचं पापड-लोणचं, पाळीचे दिवस, अपुरी झोप, बद्धकोष्ठ यांनी किलोभर मागेपुढे होतं, ते सगळं 'आहार लागू पडत नाही' या खात्यात जमा होतं. रोज वजन करायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढावी आणि ती चार आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी ताडून पाहावी.

मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांसाठी मात्र काट्यावर नजर ठेवून बसणं धोक्याचंही ठरू शकतं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या तेवढ्याच ठेवून भात-पोळी एकदम तोडली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि हे वजनात काही दिसायच्या आत, पहिल्या काही दिवसांतच घडतं. त्यामुळे डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा लागतो. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच पुन्हा तपासायला सांगतात, कारण तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं आणि आधीच्या खाण्याचा हिशोब तोवर रक्तात शिल्लक असतो. हा अहवाल सुधारून गोळी कमी झालेली आणि वजन जेमतेम तीन किलो उतरलेलं, अशी माणसं डॉक्टरांना नेहमी भेटतात. त्यांतले बरेच जण अहवालाचं पाकीट न उघडता आधी विचारतात, "डॉक्टर, वजन का उतरत नाही?"