उतरणाऱ्या विमानात टीकॅस गप्प का बसतं?

18 जुलै 2025 ला अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला स्कायवेस्टचं प्रवासी विमान उतरायच्या तयारीत होतं, आणि पायलटला दिसलं की हवाई दलाचं बी-52 बॉम्बर आपल्याच वाटेवर येतंय. ते आपल्यापेक्षा बरंच वेगात आहे हे ओळखून त्याने विमान जोरात वळवून त्याच्या मागून काढलं, आणि नंतर प्रवाशांना सगळं समजावून सांगितलं, टॉवरकडे रडार नाही हेसुद्धा. अशा बातमीला 'चमत्कार' म्हणतात ना, ते मला मुळीच पटत नाही. माणसाने बघितलं, विचार केला, वळवलं, त्याचं श्रेय त्यालाच द्या.

पण मग सगळे विचारतात, कम्प्युटरने का नाही सांभाळलं? तर विमानात टीकॅस नावाची, हवेतली टक्कर टाळणारी सिस्टीम असते. ती आजूबाजूच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे सिग्नलला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राला, 1030 मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवते, उत्तर 1090 वर येतं, त्याला लागलेल्या वेळावरून अंतर कळतं आणि उत्तरातच समोरच्याची उंची असते. आता खरी गंमत, टीकॅस मुख्यतः किलोमीटर बघत नाही, सेकंद बघतं! अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, याला टाउ म्हणतात. दोन विमानं समोरासमोर, प्रत्येकाचा वेग सेकंदाला 250 मीटर, मध्ये 10 किलोमीटर, तर हातात फक्त 20 सेकंद. तेच मागचं विमान पुढच्यापेक्षा सेकंदाला 10 मीटरनेच जास्त वेगात असेल तर त्याच 10 किलोमीटरला 1000 सेकंद मिळतात. पण इतक्या हळू जवळ येणारं विमान अगदी खेटलं तरी टाउ मोठाच दिसू शकतो, म्हणून अंतराचीही एक मर्यादा घालावी लागते, आणि या सगळ्या मर्यादा उंचीप्रमाणे बदलतात. वेळ कमी उरला की आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' आणि मग थेट आदेश, वर जा किंवा खाली जा. दोन्ही विमानांत टीकॅस असेल तर ती आपसात ठरवतात कोण वर, कोण खाली. डावी-उजवी मात्र सांगत नाहीत, कारण अँटेनाला दिशा तेवढी अचूक कळत नाही.

1996 मध्ये चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदी विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाक विमान धडकून 349 माणसं गेली, त्यानंतर भारतात टीकॅस सक्तीचं झालं.

पण जमिनीपासून साधारण 1000 फुटांच्या खाली टीकॅस हे आदेश देतच नाही, आणि ते बरोबरच आहे, जमिनीला टेकायला आलेल्या विमानाला 'खाली जा' कसं सांगणार? 29 जानेवारी 2025 ला वॉशिंग्टनमध्ये प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर सुमारे 300 फुटांवर धडकले, 67 जण गेले. विमानात 'ट्रॅफिक' वाजलं होतं, पण पुढचा आदेश त्या उंचीवर येणारच नव्हता.

यावर एक उपाय म्हणजे एडीएस-बी इन, म्हणजे इतर विमानं आपली जीपीएस जागा प्रसारित करतात ती कॉकपिटच्या स्क्रीनवर दिसणं. अमेरिकेची अपघात तपास संस्था कित्येक वर्षं त्याची शिफारस करतेय. पण स्क्रीनवर दिसायला समोरच्याने आपली जागा सांगायला हवी, आणि वॉशिंग्टनच्या त्या हेलिकॉप्टरमधून एडीएस-बीचा सिग्नल जातच नव्हता. प्रवासी विमानतळांच्या आसपास उडणाऱ्या लष्करी विमानांनाही ही सक्ती हवी, आणि लवकर हवी.