नक्षीदार लाकूड आणि साधा घाट

चांगल्या व्हायोलिनची पाठ उजेडात जरा तिरकी केली की मेपलच्या लाकडावरचे आडवे पट्टे जागा बदलतात. उजळ पट्टा काळवंडतो आणि काळा उजळतो. हा रंगाचा खेळ नाही, कारण त्या पट्ट्यांत दोन रंग नसतातच.

लाकूड म्हणजे बारीक, लांबट, पोकळ पेशींचा जुडगा. सहसा त्या खोडाबरोबर सरळ वर जातात, पण काही झाडांत त्या नागमोडी वाढतात. अशी फळी कापली की कुठे पेशी पृष्ठभागाला समांतर राहतात, तर कुठे आत बुडी मारतात. समांतर भागावरून प्रकाश परततो. बुडी मारलेल्या भागात पेशींची तोंडं उघडी पडलेली असतात, प्रकाश त्यांत शिरतो आणि तो भाग गडद दिसतो. फळी कलवली, की हे कोन बदलतात. लाकडाची नक्षी म्हणतात ती हीच; कोरलेली नव्हे, अंगची.

आता हे लाकूड लेथवर, म्हणजे ते फिरवत कातायच्या यंत्रावर, चढवायचं म्हटलं तर पहिला प्रश्न घाटाचा, आणि इथे बहुतेक नवशिके हौसेनं फसतात. लाकूड भारी आहे म्हणून त्यावर गोफ, खाचा, कंगोरे असं सगळंच काढायचं. पण कंगोरा म्हणजे काही मिलिमीटरांत गुंडाळलेला वक्र. त्या तेवढ्या जागेत पृष्ठभाग सगळ्या दिशांना तोंड करून जातो, म्हणून रुंद पट्ट्याच्या जागी चकाकीची एक बारीक रेघ उरते. लांब, न तुटणाऱ्या वक्रावर मात्र कोन हळूहळू बदलतो, आणि बघणारा भांड्याभोवती फिरला की पट्टे त्याच्याबरोबर सरकतात. ‘लाकूड बोलकं, तर घाट अबोल’ हा कातकाम करणाऱ्यांचा संकेत मला म्हणूनच निव्वळ आवडीनिवडीचा वाटत नाही. त्यामागे प्रकाशाचा हिशेब आहे.

अमेरिकेतल्या बॉब स्टॉक्सडेल (1913–2003) यांची भांडी पाहिली की हे पटतं. दुसऱ्या महायुद्धात लढायला नकार दिलेल्यांच्या छावणीत ते भांडी कातू लागले आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत त्यांनी देशोदेशीची दुर्मीळ लाकडं हाताळली. पण घाट पाहावेत तर अगदी साधे: पातळ कड, लहानसं बूड, मध्ये एकच वळण.

लाकडाचा ठोकळा कसा कापायचा, हा निर्णय घाटाइतकाच मोठा. नागमोडी पट्टे सर्वांत ठसठशीत दिसतात ते गाभ्यापासून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेनं कापलेल्या फळीवर. पसरट ताट करायचं तर अशी फळी घ्यावी, म्हणजे सगळं तोंड पट्ट्यांनी भरतं. दुसरा फायदा वाळण्यातला. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेनं आकसतं. शुगर मेपलमध्ये पूर्ण वाळेपर्यंतचे हे आकडे सुमारे 10 आणि 5 टक्के आहेत. त्रिज्येच्या फळीचं ताट म्हणूनच फारसं वाकत नाही. खोल वाडग्याचं मात्र वेगळं. त्यात रेषे, म्हणजे त्याच लांबट पेशी, आडवे असतात, त्यामुळे समोरासमोरच्या दोन बाजूंना नक्षी खुलते आणि उरलेल्या दोन बाजूंना रेष्यांची तोंडं येऊन ती विझते. नक्षी फार देखणी असेल तर मी खोल वाडगा टाळून ताट किंवा उथळ परडीच निवडेन.

झाडाला आलेल्या आवाळूचं लाकूड याहून हट्टी. त्यात रेष्यांना ठरावीक दिशाच नसते, म्हणून नक्षी सगळीकडून सारखीच भरगच्च दिसते; कुठून कापावं याची चिंता त्यामानानं कमी. वाळताना मात्र ते कसंही, ठिकठिकाणी वेगळं आकसतं. म्हणून अनेक जण ओलं असतानाच भांडं जाड कातून ठेवतात, भिंतीची जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी. काही महिने वाळल्यावर ते वेडंवाकडं झालेलं असतं. ते पुन्हा लेथवर चढवून गोल करायला ही जास्तीची जाडी लागते.

रेषे सतत दिशा बदलत असल्यामुळे पटाशी निम्मा वेळ उलट्या रेष्यावर चालते आणि लाकूड उचकटतं. उपाय म्हणजे नुकतीच लावलेली धार, तिरका काप आणि शेवटचे हात अगदी हलके. खड्डा पडला तर पॉलिश पेपरनं तो घासून काढण्यात अर्थ नसतो, कारण आजूबाजूचा वक्र बसतो आणि प्रकाश ती चूक लगेच दाखवतो. जाड पेपरचे ओरखडे राहिले तरी प्रकाश विखुरतो आणि नक्षी धूसर होते.

शेवटी तेल किंवा लाखेचं पॉलिश. कोरड्या पृष्ठभागावर पेशी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून नुकतंच घासलेलं लाकूड पांढुरकं, निर्जीव दिसतं. तेलाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, पेशींच्या भिंतींच्या जवळचा असतो, त्यामुळे ते विखुरणं थांबतं आणि नजर थोडी आतपर्यंत पोहोचते. तेल उघड्या तोंडांत जास्त मुरतं, त्यानं गडद पट्टे आणखी गडद होतात. रंगीत डाय चढवूनही हाच परिणाम वाढवता येतो. सावंतवाडीच्या खेळण्यांसारखं सगळं लाकूड रंगाखाली जाणार असेल, तर हा खटाटोप नकोच. तिथे साधं, एकसारखं लाकूडच बरं.