रुग्णालयाबाहेरील कार्डियाक अरेस्ट आणि रुग्णालयपूर्व उपचारांवरील संशोधन

घरात, रस्त्यावर, कचेरीत, म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच माणसाचे हृदय अचानक रक्त ढकलायचे थांबते, त्या अवस्थेला रुग्णालयाबाहेरील कार्डियाक अरेस्ट म्हणतात. हार्ट अटॅक हा वेगळा प्रकार आहे. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. रुग्णाला दरदरून घाम फुटतो, छातीत कळ येते, पण बहुधा तो शुद्धीवर असतो. अरेस्टमध्ये माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि नाडी लागत नाही. अटॅकमधून अरेस्ट उद्भवू शकतो, मात्र प्रत्येक अटॅकचा शेवट त्यात होत नाही. आपल्याकडच्या निधनवार्तांत ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ या एकाच ठरलेल्या वाक्यात दोन्ही कोंबले जातात. बातमीपुरते ते चालून जाते, उपचाराच्या घाईत मात्र हा घोळ महागात पडतो.

अशा अनेक घटनांत सुरुवातीला हृदय पूर्ण थांबलेले नसते. त्याचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरत असतात. ही थरथर मोडायला विजेचा झटका लागतो आणि झटका मिळेपर्यंत मेंदूला थोडेफार रक्त पोहोचते ठेवायला छाती दाबावी लागते. यातले काहीच झाले नाही, तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णालयपूर्व संशोधनाचा सगळा झगडा या मिनिटांशी आहे.

छातीदाबाचा शोध अनपेक्षितपणे लागला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कूवेनहोवेन व गाय निकरबॉकर कुत्र्यांवर विद्युत झटक्याचे प्रयोग करत होते. झटक्याच्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की रक्तदाब किंचित चढतो, हे निकरबॉकर यांच्या ध्यानात आले. शल्यविशारद जेम्स जूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये निबंध छापला. त्यात रुग्ण फक्त २० होते, त्यांपैकी १४ वाचले. हे प्रमाण पुढे दवाखान्याबाहेर सहसा दिसले नाही, आणि त्यात नवल नाही. ते रुग्ण रुग्णालयातले होते, डॉक्टर हाताशी होते.

दवाखानाच रुग्णाकडे न्यावा, ही कल्पना बेलफास्टमध्ये साकारली. रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाचे फ्रँक पँट्रिज यांनी १९६६ मध्ये मोटारीच्या बॅटरीवर चालणारे, सुमारे ७० किलो वजनाचे डीफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देणारे यंत्र, रुग्णवाहिकेत चढवले. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला फ्रीडम हाउस ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना भूलतज्ज्ञ पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली पॅरामेडिकचे, म्हणजे रुग्णवाहिकेतच तातडीचे उपचार करण्याचे, कसून शिक्षण मिळाले. शहराने ती सेवा १९७५ मध्ये बंद केली. सिॲटलमध्ये डॉ. लिओनार्ड कॉब यांनी १९७० मध्ये अग्निशमन दलाला हाताशी धरून ‘मेडिक वन’ ही रुग्णवाहिका सेवा उभी केली आणि लगोलग सामान्य नागरिकांनाही छातीदाब शिकवायला घेतला. ही दूरदृष्टी किती मोलाची होती, हे पुढच्या आकड्यांनी दाखवले.

प्रत्येक शहर आपापल्या पद्धतीने मोजत होते. कोणी सगळे कोसळलेले धरी, कोणी फक्त झटका दिलेले. मग तुलना कशाची करणार? जून १९९० मध्ये नॉर्वेतल्या स्टाव्हँगरजवळच्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ जमले. तिथून ‘उटस्टाइन पद्धत’ निघाली. कोसळताना कोणी पाहिले का, छाती कोणी दाबली, पहिला ताल कोणता होता, किती वेळाने मदत आली, किती जण घरी परतले, हे सर्वांनी एकसारखे नोंदवायचे. हा रुक्ष नमुना म्हणजे या शास्त्राचा पाया.

पाया पक्का झाल्यावर अनेक लाडक्या समजुती ढासळल्या. कॅनडातल्या ओंटारिओत १७ शहरांतल्या ५,६३८ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्याची सोय जिथे आधीच जलद होती, तिथे श्वासनलिकेत नळी घालणारे व शिरेतून औषधे देणारे पॅरामेडिक आणल्यावर वाचणाऱ्यांचे प्रमाण ५.० वरून ५.१ टक्के झाले. म्हणजे जागच्या जागीच.

यापुढचा प्रश्न विचारायला धीर लागला. ॲड्रेनलिन हे अरेस्टचे हुकमी औषध. दशकानुदशके ते दिले जात होते, पण न दिल्यास काय होते हे मोठ्या प्रमाणावर कोणी तपासले नव्हते. वॉरिक विद्यापीठाच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या पाच रुग्णवाहिका सेवांनी डिसेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१७ या काळात ‘पॅरामेडिक-२’ ही चाचणी घेतली. ८,०१४ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲड्रेनलिन आणि निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी दिले. कोणाला काय मिळते, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. बेशुद्ध माणसाची संमती घेणार कशी, हा साहजिकच वादाचा विषय झाला. त्यावर तोडगा असा निघाला की चाचणीची जाहीर वाच्यता करायची, नको असेल त्याने मनगटात ‘नो स्टडी’ असे कोरलेले कडे घालायचे आणि वाचलेल्याला नंतर विचारायचे. माझ्या मते हा तोडगा अपुरा असला तरी प्रामाणिक होता. न तपासलेले औषध पिढ्यान्‌पिढ्या टोचत राहण्यालाही कोणाची संमती नव्हतीच.

निकाल पेचात टाकणारा होता. ॲड्रेनलिन मिळालेल्यांत ३६.३ टक्के रुग्णांचे हृदय पुन्हा सुरू झाले, मिठाच्या पाण्याच्या गटात ११.७ टक्क्यांचे. पण ३० दिवसांनी जिवंत असणारे ३.२ विरुद्ध २.४ टक्के. मेंदू बऱ्यापैकी शाबूत राहून घरी गेलेल्यांत ठोस फरक आढळला नाही, आणि वाचलेल्यांपैकी गंभीर अपंगत्व आलेल्यांचे प्रमाण ॲड्रेनलिनच्या बाजूला ३१ टक्के, दुसरीकडे १७.८ टक्के. हृदयाला जाग आली, मेंदूला आली नाही. औषध टोचेपर्यंत फोन केल्यापासून साधारण २१ मिनिटे लोटलेली असत, हेही विसरून चालणार नाही. संशोधकांनी दिलेली तुलना पुरेशी बोलकी आहे: एक जादा जीव वाचवायला ११२ जणांना ॲड्रेनलिन द्यावे लागते, जवळच्या माणसाने छाती दाबली तर १५ जणांमागे एक वाचतो, अरेस्ट वेळेत ओळखला तर ११ मागे एक आणि झटका लवकर दिला तर ५ मागे एक.

छाती दाबणारी यंत्रे मोठ्या चाचण्यांत हातांपेक्षा सरस ठरली नाहीत. हृदय पुन्हा सुरू होऊनही बेशुद्ध राहिलेल्या रुग्णाचे शरीर थंड करण्याचा उपचार २००२ पासून गाजला. १,९०० रुग्णांच्या २०२१ च्या चाचणीत नुसता ताप रोखण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. आशादायक अपवाद २०२२ चा, पुन्हा ओंटारिओतलाच. तीन झटक्यांनंतरही थरथर न थांबलेल्या ४०५ रुग्णांत दोन यंत्रांनी पाठोपाठ झटके दिल्यावर ३०.४ टक्के रुग्ण घरी गेले, नेहमीच्या रीतीने १३.३ टक्के.

मोठी उडी दिसते ती रुग्णवाहिका येण्याआधीच्या वेळात. लास व्हेगासच्या कॅसिनोंत सुरक्षारक्षकांना झटक्याचे स्वयंचलित यंत्र, म्हणजे एईडी, वापरायला शिकवले. लोकांसमोर कोसळून तीन मिनिटांत झटका मिळालेले ७४ टक्के वाचले. उशिराने मिळालेले ४९ टक्के. डेन्मार्कमध्ये आसपासच्या लोकांनी छाती दाबण्याचे प्रमाण २००१ मध्ये २१.१ टक्के होते, ते २०१० मध्ये ४४.९ टक्क्यांवर गेले. त्याच काळात ३० दिवस जगणारे ३.५ वरून १०.८ टक्के झाले.

ओळखण्यात मात्र एक अडसर आहे. अरेस्टनंतर काही मिनिटे रुग्ण आचके देत राहतो. आपल्याकडे याला ‘घरघर लागली’ म्हणतात. फोनवर विचारले तर घरचे सांगतात, ‘श्वास चालू आहे.’ तो श्वास नव्हे. म्हणून कंट्रोल रूममधल्या माणसाने दोनच प्रश्न विचारावेत असा प्रघात पडला: शुद्ध आहे का, आणि श्वास नेहमीसारखा आहे का? दोन्हींना ‘नाही’ आले की तिथूनच छाती दाबायला सांगायचे: मोठ्या माणसाची छाती मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. कांदा हुंगवण्यात आणि तोंडात पाणी घालण्यात जाणारी मिनिटे परत मिळत नाहीत.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असणे हे तिचे वैशिष्ट्य. पण वाडीवस्तीवर किंवा शहरातल्या गर्दीत चार-पाच मिनिटांत कोणतीच गाडी पोहोचत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये आलेल्या मार्गदर्शनाने म्हणूनच सामान्य माणसासाठी तोंडाने श्वास देणे वगळले आणि फक्त छातीदाब ठेवला. उटस्टाइन पद्धतीने नोंदी ठेवण्याचे प्रयत्न भारतात तुरळक आहेत. तेलंगणातील वारंगळची नोंदवही हे एक उदाहरण. कायद्याचीही एक गोम आहे. मोटार वाहन कायद्यातले २०१९ चे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, पण ते वाहन अपघातातल्या जखमींपुरते. लोकलच्या फलाटावर कोसळलेल्याची छाती दाबणाऱ्याला आधार घ्यावा लागतो तो सद्भावनेने केलेल्या कृतीला गुन्हा न मानणाऱ्या फौजदारी कायद्यातल्या सर्वसाधारण तरतुदीचा.